वर्गणी ऐपतीप्रमाणे, प्रसाद सारखा: पीअर-टू-पीअर लाइव्हमध्ये बँडविड्थचा वाटा कसा ठरवायचा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा इतवारी-महालच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. त्याच वेळी पुण्यात, बंगळुरात, दुबईत असलेले नागपूरकर "लिंक पाठव ना" म्हणून मागे लागलेले असतात. एखाद्या मोठ्या व्हिडिओ साइटवर प्रसारण टाकलं तर काम भागतं, पण मध्येच जाहिराती येतात आणि मागे वाजणाऱ्या बँडच्या गाण्यावर कॉपीराइटचा दावा होऊन प्रसारण बंदही पडू शकतं. स्वतःचा सर्व्हर घ्यावा तर मंडळाला लहानच परवडतो. अशा वेळी पीअर-टू-पीअर कामाला येतं. बघणारेच एकमेकांना व्हिडिओचे तुकडे पुरवतात आणि सर्व्हरवरचा भार हलका होतो.

प्रश्न एवढाच, की कोणाच्या नेटवरून किती घ्यायचं. बहुतेक ठिकाणी हे सॉफ्टवेअरवर सोडून दिलं जातं. मग मोबाइल डेटावर बघणाऱ्याचा पॅक दुपारी संपतो आणि शंभर एमबीपीएसचं फायबर असलेला काहीही न देता बघत राहतो. माझं मत स्पष्ट आहे: मंडळाची वर्गणी जशी ऐपतीप्रमाणे आणि प्रसाद सगळ्यांना सारखा, तसंच इथेही असावं. पुढची कृती त्याच तत्त्वावर आहे. ज्याला लिनक्स सर्व्हर थोडाफार हाताळता येतो आणि वेबपानात चार ओळी जावास्क्रिप्ट लिहिता येतं, त्याला ती जमेल.

आधी वही-पेन घ्या

सॉफ्टवेअर नंतर, हिशोब आधी. सर्व्हरचं अपलोड आणि सगळ्या प्रेक्षकांनी मिळून दिलेलं अपलोड यांची बेरीज करा आणि तिला प्रेक्षकसंख्येने भागा. उत्तर येईल त्यापेक्षा जास्त बिटरेट (व्हिडिओला दर सेकंदाला लागणारा डेटा) सगळ्यांना मिळणं शक्य नाही, कोणतंही सॉफ्टवेअर लावा. दुसरी अट अशी, की सर्व्हरचं स्वतःचं अपलोड निदान एका प्रतीएवढं, म्हणजे एका प्रेक्षकाच्या बिटरेटएवढं, हवंच, कारण प्रत्येक नवा तुकडा पहिल्यांदा तिथूनच बाहेर पडतो.

समजा १२० जण बघणार आहेत. त्यातले ५० घरच्या फायबरवर आणि ७० मोबाइल डेटावर. सर्व्हरचं अपलोड ४० एमबीपीएस. फायबरवाल्यांनी सरासरी ३ एमबीपीएस दिले तर १५०, अधिक सर्व्हरचे ४०, एकूण १९०. आता १.५ एमबीपीएसचा ७२०पी व्हिडिओ सोडला तर गरज १८० ची. कागदावर जमतं, प्रत्यक्षात जमत नाही. दिलेलं सगळं अपलोड कधीच पूर्ण वापरलं जात नाही, कारण समोरच्याला हवा असलेला तुकडा नेमका त्या क्षणी आपल्याकडे असेलच असं नाही. शिवाय लोक मध्येच टॅब बंद करतात. म्हणून निदान ३० टक्के जास्तीचं अपलोड हाताशी असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बिटरेट १.२ वर आणला तर गरज १४४ ची होते आणि तेवढी जास्तीची जागा मिळते. पण इथेच थांबू नका, मोबाइलवाल्याचा हिशोब बघा. १.२ एमबीपीएसने तीन तासांत १.६२ जीबी जातात. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्याचं मिरवणूक संपायच्या आधीच नेट संपलं. ८०० केबीपीएस ठेवलं तर तीन तासांना १.०८ जीबी लागतात, म्हणजे पॅक पुरून उरतो. एकूण गरज ९६ एमबीपीएसवर येते आणि फायबरवाल्यांकडून ३ ऐवजी २ एमबीपीएस मागितले तरी १४० होतात. गरजेच्या जवळपास दीडपट.

म्हणून माझा आग्रह ४८०पी, ८०० केबीपीएस, आवाजासकट, सगळ्यांना एकच.

एकच दर्जा का

यावर हमखास वाद होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. नेहमीच्या स्ट्रीमिंगमध्ये तीन-चार दर्जे ठेवतात आणि प्लेअर नेट बघून वर-खाली जातो. पीअर-टू-पीअरमध्ये प्रत्येक दर्जाचा वेगळा जथा, म्हणजे आपसात तुकडे वाटणाऱ्यांचा गट, बनतो. ७२०पीचा तुकडा ४८०पी बघणाऱ्याच्या कामाचा नाही. वरच्या उदाहरणात फायबरवाले ७२०पी बघू लागले आणि मोबाइलवाले ४८०पी, तर फायबरवाल्यांकडचं सगळं जास्तीचं अपलोड ७२०पीच्या जथ्यात पडून राहतं. ज्यांच्यासाठी ते मागितलं होतं ते ७० जण सगळेच्या सगळे सर्व्हरवर येऊन आदळतात. वरून प्लेअर आपोआप दर्जा बदलत राहिला, की दोन्ही जथे विस्कटतात.

दर्जा एकच ठेवला की फायबरवाल्याने दिलेला तुकडा थेट मोबाइलवाल्यापर्यंत पोचतो. गर्दीच्या, हलत्या चित्रात ४८०पी थोडं मऊ दिसतं, हे मान्य. पण एकाला झकास आणि दुसऱ्याला गोल फिरणारं चक्र, यापेक्षा ते कधीही बरं.

कोणाकडून किती

फाइल वाटण्याची बिटटोरेंट ही पीअर-टू-पीअर पद्धत ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये आणली, तेव्हापासून "जो देतो त्याला द्या" हा नियम रूढ आहे. त्यात क्लायंट (प्रत्येकाच्या संगणकावरचा प्रोग्राम) साधारण दर १० सेकंदांनी बघतो, की आपल्याला कोण जास्त देतोय, आणि त्यांनाच आपलं अपलोड उघडतो. नव्या माणसाला संधी म्हणून दर ३० सेकंदांनी एका कोणालातरी सहज देऊन बघतो. फाइल उतरवताना हे छान चालतं. लाइव्हमध्ये नाही, आणि त्याची कारणं साधी आहेत. सगळ्यांना एकाच वेळी तेच चार-पाच तुकडे हवे असतात, त्यामुळे देवाणघेवाणीला माल थोडा. जास्त देणाऱ्याला बक्षीस म्हणून वेग देता येत नाही, कारण जे अजून घडलंच नाही ते लवकर कसं उतरवणार? आणि ज्याच्याकडे अपलोडच नाही तो या नियमात उपाशी राहतो. आपल्या ७० मोबाइलवाल्यांचं तेच होईल.

यावरचा चांगला विचार २००४ मध्ये यांग-ह्वा चू, जॉन च्वांग आणि हुई झांग यांनी मांडला. प्रसारणाचं सॉफ्टवेअर प्रसारण करणाराच ठरवतो, म्हणून नियमही तोच लावू शकतो. मग ज्याची क्षमता जास्त त्याच्याकडून कराप्रमाणे जास्त अपलोड घ्यावं आणि त्यातून कमी क्षमतेच्यांची सोय करावी, असा तो विचार. मंडळाच्या प्रसारणाला हा नेमका बसतो. मी तो असा उतरवतो:

मोबाइल डेटावर असलेल्याकडून शून्य. यात तडजोड नाही. त्याचा प्रत्येक एमबी पैशाचा आहे आणि बॅटरीही त्याचीच आहे.

घरच्या फायबरवर असलेल्याकडून मोजलेल्या अपलोडच्या निम्म्यापर्यंत. उरलेलं निम्मं घरातल्या इतरांचं, कारण आत कोणाचा तरी व्हिडिओ कॉल चालू असतोच.

त्यातही कमाल मर्यादा हवी: बिटरेटच्या पाचपट, म्हणजे ८०० केबीपीएसला ४ एमबीपीएस. धंतोलीतल्या एखाद्याचं शंभरचं फायबर आहे आणि तो ५० द्यायला तयार आहे, तरी घेऊ नका. तो जेवायला उठला आणि लॅपटॉप मिटला, तर त्याच्यावर विसंबलेले साठ जण एकदम अडकतील. दहा जणांकडून थोडं-थोडं घेतलेलं एकाच्या उदारपणापेक्षा भरवशाचं.

आणि पाचशे केबीपीएस देऊ शकणारा जुन्या डीएसएलवरचा माणूस? त्याच्याकडून घेऊ नका. त्याचं अपलोड भरलं की त्याचंच डाउनलोड अडखळतं.

विचारल्याशिवाय घेऊ नका

ब्राउझर कनेक्शनचा प्रकार सांगेल या भरवशावर राहू नका. अँड्रॉइडवरचा क्रोम मोबाइल डेटा की वाय-फाय हे सांगतो, पण सफारी आणि फायरफॉक्स सांगत नाहीत. शिवाय भावाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला तर तो वाय-फायच दिसतो, मागे मात्र मोबाइल डेटाच जळत असतो.

म्हणून प्लेअर सुरू होण्याआधी एक साधा प्रश्न ठेवा, आणि मराठीत ठेवा: "तुम्ही घरच्या अमर्याद ब्रॉडबँडवर आहात का? असाल तर तुमच्या नेटवरून इतर प्रेक्षकांना व्हिडिओ पुरवायला मदत कराल का? तासाला साधारण ९०० एमबी अपलोड होईल." खाली दोन बटणं: "हो, मदत करतो" आणि "नाही, फक्त बघतो". आकडा २ एमबीपीएसच्या हिशोबाचा आहे. तुमची मर्यादा वेगळी असेल तर बदला. उत्तर दिलंच नाही तर ते "नाही" समजा.

अजून एक गोष्ट त्याच ठिकाणी सांगायलाच हवी. पीअर-टू-पीअरमध्ये जोडलेल्या प्रेक्षकांना एकमेकांचे आयपी पत्ते कळू शकतात. ज्याला ते नको, त्याला देणं-घेणं दोन्ही बंद करून थेट सर्व्हरवरून बघण्याची सोय द्या. असे थोडेच असतात, आणि त्यांच्या वाट्याचं सर्व्हरच्या हिशोबात धरून ठेवा.

सॉफ्टवेअर

पटकन उभं करायचं तर पीअरट्यूब. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेचं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. जानेवारी २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात लाइव्ह आहे. लाइव्ह तयार करताना उशिराचा (घटना घडणं आणि ती पडद्यावर दिसणं यांतल्या अंतराचा) पर्याय येतो. कमी उशीर निवडलात तर पीअर-टू-पीअर बंद होतं, तेव्हा नेहमीचा किंवा जास्त उशिराचा निवडा. व्यवस्थापनात जाऊन ट्रान्सकोडिंगचे (व्हिडिओ वेगवेगळ्या दर्जांत बदलण्याचे) बाकीचे दर्जे बंद करा. एक उणीव आहे: प्रत्येक प्रेक्षकाच्या अपलोडला वेगळी मर्यादा त्यात लावता येत नाही.

ती हवीच असेल, आणि माझ्या मते हवीच, तर स्वतःचं एक पान बनवा. एचएलएस या तुकड्या-तुकड्यांनी व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीसाठीचा एचएलएस.जेएस हा प्लेअर आणि पी२पी मीडिया लोडर ही लायब्ररी, दोन्ही मुक्त आहेत. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत "घ्या पण देऊ नका" असं करता येतं आणि ते चालू प्रसारणातही बदलता येतं. यावरून मर्यादा अशी बांधायची: दर १० सेकंदांची एक खिडकी धरा. २ एमबीपीएसच्या हिशोबाने एका खिडकीत २.५ एमबी द्यायचे. ८०० केबीपीएसचा ४ सेकंदांचा तुकडा ०.४ एमबीचा, म्हणजे खिडकीत सहा तुकडे. तुकडा गेला की लायब्ररी कळवते, तेवढा आकडा वाढवत जा. सहा झाले की देणं बंद, पुढची खिडकी उघडली की चालू. प्रत्येकाची खिडकी वेगळ्या क्षणी सुरू होऊ द्या, नाहीतर सगळे दाते एकदम बंद आणि एकदम चालू होतील.

प्रेक्षकांची गाठ घालून देणारा ट्रॅकर स्वतःच्या सर्व्हरवर चालवा. फुकटचे सार्वजनिक ट्रॅकर ऐन वेळी दगा देतात.

तुकडा किती सेकंदांचा, उशीर किती

तुकडा ४ सेकंदांचा ठेवा. ओबीएस या प्रसारण पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये की-फ्रेमचं (पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचं) अंतर २ सेकंद आणि बिटरेट स्थिर. एचएलएसचा प्लेअर ताज्या टोकापासून निदान तीन तुकडे मागे राहतो, म्हणजे १२ सेकंद. पीअर-टू-पीअरला तेवढ्याने भागत नाही, देवाणघेवाणीला वेळ लागतो. २५ ते ३० सेकंदांचा उशीर मोकळ्या मनाने स्वीकारा. मिरवणूक बघणाऱ्याला अर्ध्या मिनिटाने काही बिघडत नाही. क्रिकेटचं प्रसारण असतं तर शेजारच्या घरातला ओरडा आधी ऐकू आला असता, इथे तसं नाही.

जोडणी जमते का: नॅटचा अडसर

आपल्याकडे मोबाइल कंपन्या आणि काही स्थानिक केबल-इंटरनेटवाले एकाच सार्वजनिक आयपीमागे शेकडो ग्राहक ठेवतात, हेच सामायिक नॅट. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्याने सुरू होत असेल, तर तुम्ही अशा सामायिक नॅटमागे आहात असं समजा. अशा दोन प्रेक्षकांची थेट जोडणी कधी जमते, कधी नाही. स्टन सर्व्हर (प्रेक्षकाला त्याचा बाहेरचा पत्ता सांगणारा) लावला की बऱ्याच जोडण्या जमतात. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर आणखी सोपं.

टर्न सर्व्हर मात्र लावू नका. व्हिडिओ कॉलसाठी तो गरजेचा, इथे निरुपयोगी. टर्नमधून जाणारा प्रत्येक तुकडा तुमच्याच सर्व्हरमधून जातो, तोही आत येऊन बाहेर. मग थेट सर्व्हरवरूनच दिलेला काय वाईट?

जुने आयफोनही याच यादीत धरा. आयओएस १७.१ च्या आधीच्या आयफोनवर ब्राउझरमध्ये हे तंत्र चालत नाही. ते सगळे सर्व्हरवरूनच घेणार.

देणाऱ्याच्या घरचं नेट गुदमरू नये

फायबरवाला एकदा "हो" म्हणाला आणि त्याच्या मुलीचा ऑनलाइन क्लास अडखळला, तर पुढच्या वर्षी तो नाहीच म्हणणार. अपलोड काठोकाठ भरलं की राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते आणि घरातलं सगळंच नेट मंदावतं. बिटटोरेंटची यूटीपी ही डेटा पाठवायची पद्धत रांग वाढताना दिसली की स्वतःहून मागे हटते. त्यामागचं लेडबॅट हे मानक स्वतःमुळे वाढणारा रांगेतला उशीर १०० मिलिसेकंदांच्या आत ठेवायचं लक्ष्य धरतं. आपले तुकडे जिच्यातून जातात ती ब्राउझरमधली वेबआरटीसीची डेटा जोडणी इतकी सोशिक नाही, ती पॅकेट हरवेपर्यंत ढकलत राहते. म्हणून वरची १० सेकंदांची खिडकी सोडून चालणार नाही.

तपासायचं असं. देणाऱ्या एका घरी, समजा मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये, लॅपटॉपवर ८.८.८.८ ला सतत पिंग (उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवणारी आज्ञा) लावा. काही न चालू असताना येणारा आकडा लिहा. मग प्रसारण सुरू करून देणं चालू करा. आकडा पाच-दहा मिलिसेकंदांनी हलला तर ठीक. दुप्पट-तिप्पट झाला तर त्या घराची मर्यादा निम्मी करा. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर असेल तर केक किंवा एफक्यू-कोडेल ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय चालू करून लाइनच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा, त्याने रांगेचा प्रश्न मुळातून सुटतो. पण प्रेक्षकांकडून ही अपेक्षा धरू नका, ते आपण आपल्या प्लेअरमध्येच सांभाळायचं.

सर्व्हरचा हात आधी कोणाला

लाइव्हमध्ये नवा तुकडा सगळ्यांना एकाच क्षणी उपलब्ध होतो. सगळ्यांनी एकदम सर्व्हरकडे मागितला तर पीअर-टू-पीअर नावापुरतंच उरतं. त्यामुळे क्रम लावा. नवा तुकडा "हो" म्हणणाऱ्यांनी लगेच सर्व्हरवरून घ्यायचा, तोही सगळ्यांनी नाही, आळीपाळीने काहींनी. बाकीच्यांनी तो इतर प्रेक्षकांकडून येण्याची वाट बघायची. ज्याच्या बफरमध्ये (आधीच उतरवून ठेवलेल्या व्हिडिओत) ८-१० सेकंदांपेक्षा कमी उरलं, त्याने मात्र थेट सर्व्हरकडे यावं. ही सीमा मोबाइलवाल्यांसाठी थोडी वरची ठेवा, कारण त्यांचं नेट कधीही खाली बसतं.

नव्याने येणाऱ्यांसाठी सर्व्हरचे १० एमबीपीएस बाजूला ठेवा. प्रत्येकाला सुरुवातीला तीन तुकडे लागतात, म्हणजे ९.६ मेगाबिट. दोन्ही मारबती समोरासमोर येण्याच्या वेळी ३० जण एकदम आले, तर २८८ मेगाबिट लागतील. राखीव जागेतून अर्धं मिनिट, पूर्ण सर्व्हर दिला तर सात-आठ सेकंद. म्हणून प्रसारण मिरवणुकीच्या अर्धा तास आधीच सुरू करा. बडग्यांची (मिरवणुकीतल्या इतर पुतळ्यांची) तयारी, रंगरंगोटी, जमलेली पोट्टी दाखवा. लोक हळूहळू येतात आणि जथा आधीच बांधला जातो.

तालीम आणि मोजणी

पोळ्याच्या आधीच्या रविवारी वीस-पंचवीस ओळखीच्यांना घेऊन तालीम करा. निम्मे मोबाइलवर हवेत. एका लॅपटॉपवर क्रोमचं वेबआरटीसी इंटर्नल्सचं पान उघडा. प्रत्येक जोडणीपुढे किती बाइट गेले आणि किती आले ते दिसतं. "फक्त बघतो" म्हणणाऱ्याच्या पानावर आलेले बाइट वाढत असतील आणि गेलेले जवळपास स्थिर असतील, तर तुमचा नियम लागू झालाय. थोडे बाइट निरोपानिरोपीचे जातातच. व्हिडिओएवढे जात असतील तर कोडमध्ये चूक आहे आणि ती काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

न्याय मोजायला राज जैन यांचा निर्देशांक वापरतात, १९८४ पासून. प्रत्येकाला मिळालेल्या वेगांची बेरीज करून तिचा वर्ग करा. त्याला प्रेक्षकसंख्या गुणिले वेगांच्या वर्गांची बेरीज, याने भागा. सगळ्यांना सारखं मिळालं तर १. पाच जणांपैकी चौघांना ८०० आणि एकाला २०० केबीपीएस मिळाले तर उत्तर ०.८९ येतं. ऐकायला छान वाटतं, पण त्या पाचव्याचं चित्र जागीच अडकलेलं असतं आणि तो ग्रुपवर विचारतोय, "काहून अटकून रायलं बावा?" म्हणून निर्देशांकाच्या शेजारी सर्वांत कमी मिळालेल्याचा आकडाही लिहा आणि निर्णय त्यावरून घ्या. हे सगळं मिळालेल्या वेगावर मोजायचं. दिलेल्या वेगावर मोजलं तर मोबाइलवाला कामचुकार ठरेल.

मिरवणुकीच्या दिवशी

कॅमेऱ्याचं मूळ प्रसारण मोबाइल डेटावर ठेवू नका. त्या गर्दीत टॉवर गुदमरतात. रस्त्यावरच्या एखाद्या घराची गच्ची मागून घ्या, तिथल्या फायबरला लॅपटॉप केबलने जोडा, वाय-फायने नाही. इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि राउटर तर असतातच, फायबरचा डबा बरेचदा राहून जातो. वीज गेली की तोच आधी बंद पडतो. भाद्रपदाच्या तोंडावर पावसाची सर ठरलेलीच, तेव्हा गच्चीवर ताडपत्री हवी.

एकाने फक्त आकड्यांवर नजर ठेवायची: किती जण बघतायत, त्यातले किती देतायत, सर्व्हरचं अपलोड किती भरलंय. सर्व्हर ८० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिला, तर देणाऱ्यांची मर्यादा वाढवू नका, बिटरेट ६०० वर आणा. लोकांनी २ एमबीपीएसला होकार दिलाय, त्यांना न सांगता ३ घेणं बरोबर नाही. जास्त हवंच असेल तर ग्रुपवर विचारा. फायबरवाले दोन-चार जण "हो" म्हणतातच.

प्रसारण संपल्यावर टॅब उघडाच ठेवून झोपणारे बरेच असतात. शेवटचा तुकडा गेल्यावर पाच मिनिटांनी प्लेअरने सगळ्या जोडण्या स्वतःहून तोडाव्यात अशी सोय करून ठेवा, आणि तालमीत तीही तपासून घ्या.